सादळलेल्या पट्ट्या

धरमपेठ, नागपूर
२८ मे १९७८

प्रिय जया,

तुझं पोस्टकार्ड होळीच्या सुमारास आलं. पोस्टकार्ड असल्यामुळे ते आधी पोस्टमननं वाचलं, मग शेजारच्या इंदूबाईनं वाचलं आणि उरलंसुरलं मी वाचलं. मजकूर एवढाच, की जुलैत हैदराबादच्या तलावावर शर्यती आहेत, तुझ्या बोटीच्या शिडातल्या पट्ट्या मुंबईच्या समुद्रवाऱ्याला ठीक असल्या तरी तलावावरच्या झुळकीला फार कडक पडतात, तर बाबांनी केलेल्या बांबूच्या पट्ट्या माळ्यावरून काढ, मोज, मऊ-कडक लाव आणि पाठव. माझ्या तब्येतीची चौकशी पत्त्याच्या बाजूला, तिकिटाच्या खाली मावेल तेवढी. त्यानंतर तुझी स्मरणपत्रं आली, ती तर एखाद्या खात्याच्या मोठ्या साहेबानं धाकट्या साहेबाला लिहावीत तशी. बाबा गेल्यापासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. पट्ट्यांची आठवण येते, घराची येत नाही, हे मी समजू शकते. पट्ट्या काही विचारत नाहीत.

तर उशीर का झाला ते सांगते. सगळं सांगते, तेव्हा बसून वाच. हॉस्टेलच्या जिन्यात उभ्यानं वाचू नकोस.

माळ्यावरून गठ्ठा काढला तेव्हा इंदूबाई कुंपणावरून पाहतच होती. "काहून वं पुष्पा, लुगड्याले काड्या लावून राहिली का आता?" मी म्हटलं, लुगड्याला नाही, शिडाला. शिडाच्या मागच्या कडेला आडवे खिसे शिवलेले असतात, त्यांत या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कड फडफडत नाही आणि शीड पोट धरून उभं राहतं. वारा मंद असेल तर पट्टी मऊ हवी, नाहीतर शीड फुगतच नाही. वारा जोराचा असेल तर कडक हवी. इंदूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नवऱ्यासारखंच झालं वं. कधी मऊ पाहिजे, कधी कडक." हे वाक्य मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात वापरलं आणि तिचं नाव घातलं नाही, म्हणून ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. या गावात माणसं नाव छापलं तर रागावतात आणि नाही छापलं तर जास्त रागावतात.

गठ्ठा सोडला आणि तुझे बाबा खोलीत आल्यासारखं झालं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला त्यांचा पेन्सिलीचा आकडा. आठवतं ना तुला? दोन स्टुलं समोरासमोर, प्रत्येकावर एकेक तिकोनी कानस धार वर करून ठेवलेली, त्या दोन धारांवर पट्टी आडवी. मधोमध दोऱ्यानं वजन टांगायचं आणि मागं उभ्या केलेल्या फूटपट्टीवर पाहायचं, पट्टी किती खाली आली ते. जास्त वाकली ती मऊ, कमी वाकली ती कडक. स्टुलांमधलं अंतर तेच, वजन तेच, मग पट्टीला लबाडी करायला जागाच उरत नाही, असं ते म्हणायचे. वजन ते टांगायचे. तू जमिनीवर पालथी पडून, एक डोळा मिटून आकडा वाचायचीस. मी पेन्सिल घेऊन बसायचे आणि तुम्हा दोघांच्या भांडणात जो आकडा शेवटपर्यंत टिकेल तो लिहायचे. कॉलेजात दिवसभर पोरांना फिजिक्स शिकवून आलेला माणूस संध्याकाळी घरात तेच करतो आणि त्याला सुट्टी म्हणतो, यावर मी एक लेख लिहिला होता. तो वाचून ते खूप हसले आणि दुसऱ्या दिवशी आणखी बांबू घेऊन आले. समुद्रापासून इतक्या लांब, जिथं पाणी दिसलं की लोक म्हैस धुवायला नेतात, तिथं या माणसाला शिडाची बोट सुचावी आणि अंबाझरी तलावावर आणखी चार वेडे मिळावेत, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता नवल वाटतं ते याचं, की एवढा गोंगाट या घरात होता.

हे काम एकट्या माणसाचं नाही, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. वजन टांगायला उभं राहावं लागतं आणि आकडा वाचायला डोळा पट्टीच्या बरोबरीला न्यावा लागतो. मी टांगून खाली वाकेपर्यंत पट्टी झोके घ्यायची, आणि ती थांबेपर्यंत माझी कंबर बोलायला लागायची. या वयात जमिनीवर पालथं पडणं सोपं आहे, उठणं हा वेगळा विषय आहे. शेवटी मी खापरखेड्याला निरोप धाडला.

देवरावभाऊंना तू विसरली नसशील. विसरशील कशी, त्यांनी तुला गाठी मारायला शिकवल्या आणि पोहता येतं म्हणालीस म्हणून अंबाझरीत ढकलून खात्री करून घेतली. वीज केंद्रातले मीटर सांभाळतात अजून, त्याच क्वार्टरमध्ये राहतात. बायको पहिल्या बाळंतपणात गेली ती गेली, त्यानंतर घरात दुसरी वस्तू आली ती रेडिओ. बाबा होते तेव्हा दर रविवारी बोटीवर असायचे. बाबा गेल्यावर आले नाहीत. विधवेच्या घरी कसं जावं, कुठल्या निमित्तानं जावं, हे त्यांना सुचलं नसावं, आणि बोलवावं कसं हे मला सुचलं नाही. तर तुझं पोस्टकार्ड हे निमित्त झालं. एप्रिलच्या एका शनिवारी बसनं आले, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात खरबूज. दारातच म्हणाले, "बाई, आकडे कोण वाचते?" मी म्हटलं, तुम्ही वाचा, मी टांगते. बाहेर लू सुटलेली, म्हणून स्टुलं मधल्या खोलीत मांडली, कूलरसमोर; पट्ट्याही तिथंच ठेवलेल्या होत्या. कूलरच्या खसच्या ताट्यांवर मी नुकतीच पाण्याची बादली ओतली होती.

आणि जया, सगळे आकडे चुकले. प्रत्येक पट्टी बाबांनी लिहिल्यापेक्षा जास्त वाकत होती. एखादी नाही, सगळ्याच. देवरावभाऊ एकेक आकडा मोठ्यानं वाचत होते आणि मी टोकावरचा पेन्सिलीचा आकडा पाहत होते, दोन्ही जुळत नव्हते. तुला हसू येईल, पण मला रडू यायला लागलं. माणूस गेला हे मी सहन केलं होतं. त्यांचे आकडेही खोटे निघावेत हे जमेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. बाहेरून आवाज आला, "महादेवरावचा आकडा चुकत नाही जी. वजनातच खोट आहे, मी सांगतो तुम्हाले." आणि वजन पिशवीत घालून ते भर उन्हात वाण्याकडे तपासायला गेले. वाण्यानं ते आपल्या तराजूत टाकलं, बरोबर भरलं. मग त्याला वाटलं आपल्यावरच संशय आहे, आणि त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "माह्या दुकानात खोटं माप आहे म्हणता का?" तेव्हापासून मला तो साखर दोन दाणे जास्तच घालतो.

पुढच्या शनिवारी देवरावभाऊ येऊन बसतात न बसतात तोच वीज गेली. वीज केंद्रातला माणूस समोर बसलेला असताना वीज जावी, याचा त्यांना इतका अपमान वाटला की खरबुजाला हात लावीनात. कूलर बंद, म्हणून स्टुलं व्हरांड्यात काढली. पट्ट्या आठवडाभर तिथंच खाटेवर पडून होत्या. पहिली टांगली, बाबांचा आकडा. दुसरी टांगली, बाबांचा आकडा. मी तर टाळीच वाजवली, आणि कुंपणापलीकडे इंदूबाईची खुर्ची सरकली. वाटलं, झालं काम. खातरजमेसाठी त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा मोजू म्हणून मी पट्ट्या नीट आत आणून ठेवल्या, कूलरसमोर, थंडाव्यात, कारण चांगल्या वस्तू थंडाव्यात ठेवायच्या असतात असं मला माझ्या आईनं शिकवलं. आणि त्याच्या पुढच्या खेपेला सगळ्या पुन्हा मऊ.

मग आमची भांडणं सुरू झाली. ते म्हणाले, "तुमचा डोळा वरून पाहून राहिला, बाई." मी म्हटलं, डोळा तुमचा आहे, मी फक्त टांगते. मग अदलाबदल केली. मी वाचलं तरी तेच. ते सीताबर्डीला जाऊन नवा चष्मा करून आले, त्यात त्यांना पट्टीपेक्षा मी जास्त स्पष्ट दिसायला लागले असावे, कारण त्या दिवशी आकडे फार चुकले. असा एप्रिल गेला, अर्धा मे गेला. ते सुट्टीच्या दिवशी यायचे, मोजायचो, चुकायचो, चहा व्हायचा. माझं सदर वाचून ते नको तिथं हसायचे. मी ज्या वाक्यावर तासभर घासाघीस केलेली असे ते सोडून, मध्येच एखाद्या साध्या ओळीला हसायचे आणि म्हणायचे, "हे खरं लिहिलं." बाबांबद्दल बोलायचो. तुझ्याबद्दल तर फारच. तू पहिल्यांदा एकटीनं बोट पलीकडच्या काठाला नेलीस तेव्हा बाबा काठावरून ओरडत होते आणि देवराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "ओरडू नका महादेवराव, तिले वारा ऐकू येऊ द्या." हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्या दिवशी घरी पुऱ्या तळत होते. गेलेल्या माणसाची एखादी नवी गोष्ट कळावी, यापेक्षा मोठी भेट कोणी आणलेली मला आठवत नाही.

आणि एक सांगू? संध्याकाळी या घरात कोणीतरी मोठ्यानं आकडा वाचत होतं. गेली काही वर्षं माझ्या आवाजाशिवाय इथं काही ऐकू येत नसे, आणि माझा आवाज तुला माहीतच आहे, तो ऐकायला समोर माणूस नसला तर नुसता भांड्यासारखा वाजतो. पेन्सिल घेऊन मी बसले की क्षणभर वाटायचं, आत्ता तू जमिनीवरून डोकं वर करून म्हणशील, आई, बाबा हलवतायत. शनिवारी सकाळपासून माझं लक्ष बसच्या वेळेकडे असायचं. केवळ पट्ट्यांमुळे, असं मी स्वतःला सांगायचे, आणि दुसऱ्यांच्या असल्याच थापांवर आठवड्याचा लेख पाडायचे.

इंदूबाईच्या कानातून काही सुटत नाही. एका दुपारी मी कुंपणाशी उभी राहून म्हटलं, देवराव आज उशिरा येणार आहेत. तिनं डाळ निवडता निवडता मान वर केली. "परवापर्यंत देवरावभाऊ होते वं. भाऊ कुठं ठेवून आली?" जया, मी या शहरातल्या नगरसेवकांना, साहित्य संमेलनांच्या अध्यक्षांना, मंगल कार्यालयातल्या व्याह्यांना निरुत्तर केलेलं आहे. मी म्हटलं, ऊन फार आहे, आणि आत आले. तू हे पत्र वरून पुन्हा वाचलंस तर तुलाही दिसेल, मी कुठल्या ओळीपासून भाऊ म्हणायचं सोडलं. मीही आत्ताच पाहिलं.

मग पापडांचा दिवस आला. गल्लीतल्या अंजनाबाईकडून उडदाचे पापड आणले होते, व्हरांड्यात कडक वाळवले आणि डबा सापडेना म्हणून तसेच ताटात मधल्या खोलीत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर पापड हातात रुमालासारखे लोंबायला लागले. सादळले होते. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं रात्रीतून पार सादळले. मी पापड हातात धरून उभी राहिले आणि पट्ट्यांकडे पाहिलं. बांबूच तो. बाबांनी पट्ट्यांना व्हार्निशचा हात दिलेला होता तोवर ओल आत शिरत नव्हती. माळ्यावरच्या पत्र्याखाली ते व्हार्निश भाजून तडकलं, आणि आम्ही दोघं शहाणे कोरड्या वैशाखात खोलीभर पावसाळा करून त्यात बांबूचा कडकपणा मोजत होतो. असला घोटाळा मुंबईत होणार नाही, तिथं सगळंच कायम सादळलेलं असतं. हा खास आपला घोटाळा आहे. बाबांचे आकडे खरे होते. मला इतकं बरं वाटलं की मी ते लोंबते पापड तसेच तळून खाल्ले.

त्या शनिवारी देवराव आले, आम्ही कूलरसमोर स्टुलं मांडली, पट्ट्या मोजल्या, आकडे चुकले. मी काही बोलले नाही. पुढच्या खेपेलाही बोलले नाही. गेल्या आठवड्यात मात्र राहवलं नाही. ते बशीत चहा ओतत होते. मी म्हटलं, देवराव, पट्ट्या सादळतात हो, कूलरनं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाले, "हो जी. पहिल्याच दिवशी मले वाटलं होतं." मी म्हटलं, मग वजन घेऊन वाण्याकडे उन्हात कशाला गेलात? "तेवढंच एक काम वाढलं." आणि सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर काम झालं असतं नं." मग बशीकडे पाहतच, "तुम्हाले कधी समजलं?" मी म्हटलं, पापडांच्या दिवशी. "मंग तुम्ही काहून नाही सांगितलं?" मी माझ्या कपातला चहा त्यांच्या बशीत ओतला.

आता तुझ्या कामाचं. या आठवड्यात सगळ्या पट्ट्या व्हरांड्यात वाळवून, एकदाच, नीट मोजल्या. दोन संच लावले आहेत. लाल दोरा बांधलेला मऊ, तो झुळकीसाठी; निळ्या दोऱ्याचा कडक. सगळ्यात वरची पट्टी डोलकाठीकडच्या टोकाला जास्त वाकते तीच घेतली आहे, बाबा तशीच घ्यायचे, म्हणजे शिडाचं पोट पुढं राहतं. एक पट्टी एकाच जागी मोडल्यासारखी वाकत होती, ती बाद केली. सगळ्यांना देवरावांनी व्हार्निशचे दोन हात दिले आहेत, तिसरा तू दे, आणि हैदराबादला पोचल्यावर तिथल्या हवेत पुन्हा मोजून घे. पार्सल उद्या निघेल. शर्यतीत जिंकलीस की हरलीस ते पोस्टकार्डावर कळव, इंदूबाईलाही उत्सुकता आहे.

एवढं लांबण लावून जे सांगायचं होतं ते आता सांगते. देवरावांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. ऑगस्टमध्ये रजिस्टर लग्न करू. ही परवानगी मागत नाही, शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं मुलीकडे परवानगी मागितली तर तुझ्याच डोक्याला ताप होईल. पण हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे ते या भीतीनं, की बाबा नाहीत म्हणून तू या घरी येत नाहीस, आणि आता बाबांच्या जागी दुसरं कोणी आहे म्हणून कधीच येणार नाहीस. बाबांच्या जागी कोणी नाही गं. ती जागा मी झाडून रोज तशीच ठेवते. देवराव त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत बसतात, तीही त्यांनी खापरखेड्याहून बसच्या टपावर टाकून आणली. तू त्यांना काकाच म्हण. किंवा काही म्हणू नकोस. शर्यती संपल्या की हैदराबादहून नागपूर एका रात्रीची गाडी आहे. रागावलेली असशील तर रागावलेली ये, बोलायचं नसेल तर न बोलता ये, जेवून भांडून परत जा. ते म्हणतात, पोरगी नाही म्हणाली तर मी माझी खुर्ची उचलून जातो. ते जातील, तसा माणूस आहे. आणि मग मी इथं बसून तुम्हा दोघांची वाट पाहत राहीन. मला दोघंही हवे आहात, जया. या वयात एवढी हाव बरी दिसत नाही हे मला ठाऊक आहे, आणि दुसऱ्या कुणाची असती तर तिच्यावर मी झकास लेख लिहिला असता. पण माझी आहे. स्टेशनवर मी एकटीच येईन. ये.

आधीही, आणि ऑगस्टनंतरही, तुझीच
आई